पांढऱ्या ठिपक्याचा व्हॉल्व्ह

आमच्या घरात कानाला फार मान होता. जुन्नरच्या बाजारातल्या एका बोळात पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या अशी आमची जागा. राहणारी माणसं तीन: अण्णा, आई आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. ते रेडिओ दुरुस्त करायचे. पुढं टेप आले, टीव्ही आले, तेही त्यांनी मोडून-जोडून आपले आपण शिकून घेतले. पण गावात त्यांचं नाव होतं ते हातापेक्षा कानामुळं. गिऱ्हाइकानं सेट टेबलावर ठेवून तक्रार सांगायला तोंड उघडावं, त्याच्या आत अण्णा बटण फिरवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "कंडेन्सर गेलाय, राव." उघडून बघावं तर तोच गेलेला असायचा. एसटी स्टँडवरचे ड्रायव्हरसुद्धा गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकवायला अण्णांना घेऊन जायचे आणि अण्णा, इंजिनातलं ओ की ठो कळत नसताना, मान तिरकी करून ऐकून यायचे. आई म्हणायची, "उद्या म्हशी बी आणतील तुमच्याकडं, कशी हंबरती ते दाखवाया."

घर कधी गप नसायचं. दुकानात एका वेळी दोन-तीन रेडिओ वेगवेगळी स्टेशनं लावून तापत ठेवलेले, मागं आईचं भाकरी थापणं, आणि बोळातून जाणाऱ्या मोटारसायकली. सोल्डरच्या राळेचा वास आणि आमटीच्या फोडणीचा वास आमच्याकडं एकत्रच नाकात शिरायचे. आजही कुठं सोल्डरचा धूर आला की मला भूक लागते. आई आणे गावची, पठारावरची. तिची आमटी बाजरीच्या भाकरीबरोबर खाताना अण्णांच्या कपाळाला घाम फुटायचा आणि तरी ते "अजून वाढ" म्हणायचे. जेवताना मात्र सगळे सेट बंद. "दिसभर लोकांचे रेडू ऐकतो. भाकर तरी गप खाऊ द्या," असं म्हणत ते स्वतः उठून एकेक बटण बंद करायचे, आणि मग आमच्या तिघांच्या चावण्याचा तेवढा आवाज राहायचा.

मी जन्माची घाबरट. दारावर थाप पडली तरी दचकायचे. मास्तरांनी दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं तरी उभी राहायचे. ही गोष्ट घडली तेव्हा मी अकरावीत होते आणि कॉलेज सुटलं की दुकानात बसायचे. माझ्याकडं ठिपके देण्याचं काम होतं. लोकांना मेकॅनिकची एक मोठी भीती असे, की हा सेटमधला चांगला व्हॉल्व्ह काढून घेईल आणि मेलेला बसवून देईल. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाएवढी काचेची नळी. आतली तार तापून लाल होते तेव्हा सेट बोलायला लागतो. बाहेरून बघून चांगला-वाईट काही कळत नाही. घाटघरचा एक म्हातारा तर रेडिओ घोंगडीत गुंडाळून आणायचा आणि दुरुस्त होईपर्यंत दुकानाच्या पायरीवरून हलायचा नाही. म्हणून अण्णांनी एक रीत पाडली होती. सेट आला की मालकाच्या देखत झाकण उघडायचं आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर तेलरंगाचा ठिपका द्यायचा. दर मालकाचा रंग वेगळा. सेट परत देताना पुन्हा झाकण उघडून ठिपके दाखवायचे, मगच दोरी बांधायची. "ज्याचा व्हॉल्व्ह त्याला ग्येला पायजे. त्यात गफलत झाली तर दुकानाला कुलूप लावायचं," अण्णा म्हणायचे. सातवीपासून ते ठिपके मी काडेपेटीतल्या काडीनं देत आले होते.

घोडेगावचे एक वकील अण्णांचे जुने गिऱ्हाईक. वय झालेलं, कोर्टाचं काम मुलावर सोपवलेलं, आणि नाद एकच, गाण्याच्या रेकॉर्डींचा. त्यांनी घरात हाय-फाय सिस्टीम बसवायला घेतली होती. स्पीकर आले, मोठा अँप्लिफायर आला, राहिला होता तो प्रीअँप. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज फार दुबळा असतो. त्याला आधी उभं करतो तो प्रीअँप, आणि मग मोठा अँप्लिफायर त्याला स्पीकरपर्यंत नेतो. पहिल्याच पायरीला आवाज बिघडला तर पुढं कितीही भारी सामान लावा, बिघडलेलाच आवाज मोठा होऊन बाहेर येतो. सगळीकडं तेव्हा ट्रान्झिस्टर आले होते, पण वकीलसाहेबांना प्रीअँप व्हॉल्व्हचाच हवा होता. त्यांनी दोन मिळवले होते. एक काळा, मुंबईहून बघायला आणलेला, जुना आणि वजनदार. दुसरा करडा, मंचरच्या पोपट नावाच्या तरुण मेकॅनिकनं स्वतःच्या हातानं बांधलेला. दोन्ही त्यांनी आमच्या टेबलावर ठेवले.

"अण्णा, आठ दिवस ऐका," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तो ठेवतो, दुसरा परत करतो. माझ्या कानांचा मला भरवसा नाही, तुमच्या कानांचा आहे."

मी काळ्यातल्या दोन व्हॉल्व्हना पांढरे आणि करड्यातल्या दोन्हींना लाल ठिपके दिले. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बघितले आणि एसटी गाठायला निघून गेले.

चार दिवस आमच्या दुकानात रेकॉर्डीच वाजत होत्या. अण्णांना पहिल्यापासून काळा आवडला. "कसा भरून येतोय बघ. तबला पोटात वाजतोय, राव," ते म्हणायचे. करड्याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "पोरगं हुशार हाय, हात सफाईचा हाय, पण सेट कोरडा." मला उलटं वाटत होतं. करड्यातून तंबोऱ्याची तार न् तार सुटी ऐकू यायची, गाणाऱ्या बाईनं ओठ मिटले तर तेही कळायचं. काळ्यातून तीच बाई डोक्यावरून गोधडी घेऊन गातेय असं वाटायचं. पण अण्णांपुढं माझा कान तो काय, आपलंच चुकत असणार असं म्हणून गप्प बसले.

चौथ्या दिवशी अण्णांनी पेन्सिलीची परीक्षा घेतली. आवाज वाढवून ठेवायचा, रेकॉर्ड लावायची नाही, आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं प्रत्येक व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारायची. चांगला व्हॉल्व्ह स्पीकरमधून नुसता 'टप्' म्हणतो. आतून सैल झालेला असला तर वाजतो, आणि मग गाणं लागल्यावरही मध्ये मध्ये वाजतो, कुणी जमिनीवर जोरात पाय टाकला तरी वाजतो. करड्याचे दोन्ही टप्, टप् झाले. काळ्याचा पहिलाही टप्. दुसऱ्यावर टिचकी पडली आणि स्पीकरमधून एक बारीक घंटा निघाली. ती वाजत राहिली, विरत विरत वाजत राहिली. अण्णांची मान तिरकी होती, डोळे मिटलेले होते. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा घंटा.

"शांत हाय बघ," अण्णा डोळे उघडून म्हणाले. "दोन्ही शांत. काळाच घ्या म्हणून सांगायचं."

आधी मला वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते समाधानानं झाकण लावत होते. मग मी स्टुलावर बसले, कारण मला टीव्हीची शिट्टी आठवली. जुना टीव्ही चालू केला की एक अगदी बारीक शिट्टी यायची. चित्र नसलं तरी शिट्टी आहे की नाही यावरून बिघाड कुठं आहे ते कळायचं. गेली दोन वर्षं अण्णा मला प्रत्येक टीव्हीपाशी बोलवायचे. "नंदे, शिट्टी हाय का? नीट ऐक. सांग बघू." मी सांगितलं की मान डोलवायचे. मला वाटायचं मला शिकवतायत, आणि मी पास झाल्यासारखी फुगायचे. ते परीक्षा घेतच नव्हते. त्यांना शिट्टी ऐकूच येत नव्हती.

लग्नाआधी अण्णा जत्रांत आणि लग्नांत लाउडस्पीकर लावायचे, दिवसच्या दिवस कर्ण्याच्या तोंडाशी बसायचे. अशानं आधी बारीक आवाज जातात आणि गेले ते माणसाला कळतही नाही, हे मला आता माहीत आहे. मागच्या वर्षी मुलगा मलाही पुण्यात कान तपासायला घेऊन गेला. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबा म्हणतात. एका टप्प्यानंतर ती बाई काचेपलीकडून माझ्याकडं बघत राहिली आणि मी आवाजाची वाट बघत राहिले. मुलाच्या घरी आता असलाच एक व्हॉल्व्हचा प्रीअँप आहे, फोनवर तुलना वाचून वाचून महिनाभरानं निवडलेला. "आई, कसा वाटतो?" त्यानं विचारलं. "मला विचारू नकोस," मी म्हणाले.

पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की आमचं दुकान एका कानावर चाललंय आणि तो गेलाय. वकीलसाहेब काळा सेट घरी लावणार, तो पहिल्याच दिवशी वाजणार, आणि घोडेगावच्या कोर्टातून ही गोष्ट त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही तालुक्यांत जाणार. आईला सांगावं तर ती हबकून जाईल असं वाटलं. अण्णांना सांगावं तर कोणत्या तोंडानं? आईनं त्या शनिवारी मासवड्या केल्या होत्या, माझ्या आवडीच्या, आणि मी दोनच उचलल्या. "का गं, पोटात दुखतंय का?" आईनं विचारलं. "चाचणी परीक्षा हाय," मी थाप मारली. अण्णा म्हणाले, "लई जीव नको काढू अभ्यासात." ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सेट घेऊन घोडेगावला जायचं होतं आणि ते मलाही नेणार होते.

रविवारी सकाळी अण्णा आंघोळीला गेले आणि मी दुकानात शिरले. काय करायचं ते मी अंथरुणातच ठरवलं होतं. दोन्ही सेटमध्ये एकाच जातीचे व्हॉल्व्ह होते. काळ्यातला वाजणारा काढला, करड्यात घातला, करड्यातला चांगला काळ्यात घातला. करडा तर परतच जाणार, मग त्यात काय असलं म्हणून कुणाचं काय बिघडतंय, असा माझा हिशेब. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता तोवर मी झाकणं लावली, दोऱ्या बांधल्या आणि हात पुसले. आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

एसटीत आम्ही एकेक सेट मांडीवर घेऊन बसलो. करडा माझ्याकडं होता, जुन्या लुगड्यात बांधलेला. अर्ध्या वाटेवर खिडकीतून एक ट्रॅक्टर दिसला, लाल, पुढं पांढऱ्या अक्षरात कुणाचं तरी नाव लिहिलेलं, आणि मला ठिपके आठवले. माझ्याच हातचे ठिपके. पांढऱ्या ठिपक्याचा व्हॉल्व्ह लाल ठिपक्याच्या सेटमध्ये होता, आणि अण्णा मालकासमोर झाकण उघडल्याशिवाय सेट परत देत नाहीत. वकीलसाहेब बघणार आणि त्यांना एकच अर्थ दिसणार, की जुन्नरच्या अण्णांनी व्हॉल्व्ह बदलले. मी अण्णांच्या बाजूला झुकून म्हणाले, "अण्णा, मी एक चूक केलीय." गाडीचा खडखडाट होता आणि माझा आवाज बारीक. अण्णांनी हसून मान हलवली. "हां, आलंच आता घोडेगाव." मला पुन्हा बोलायचा धीर झाला नाही.

वकीलसाहेबांच्या घरी माडीवर, फळ्यांच्या जमिनीच्या खोलीत, सगळी मांडामांड तयार होती. आणि तिथं पोपट बसला होता. त्याला वकीलसाहेबांनीच बोलावलं होतं. पंचविशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातावर सोल्डरचे चटके. तो उठून अण्णांच्या पाया पडला. "अण्णा, तुमी ऐकला, एवढंच लई झालं. परत आला तरी चालंल, पर काय कमी ऱ्हायलं ते सांगा." त्याच्याकडं बघताना मला पहिल्यांदा लक्षात आलं की करडा सेट कुणाचा तरी आहे.

अण्णांनी काळा ठेवा म्हणून सांगितलं आणि ठिपके दाखवण्याआधीच वकीलसाहेबांना घाई झाली. "आधी करडा लावा, म्हणजे शेवटी काळ्याची गोडी," ते म्हणाले. अण्णांनी तारा जोडल्या. रेकॉर्ड लागली. खालून वकीलीणबाई चहा घेऊन जिना चढून आल्या, फळ्या हादरल्या, आणि गाण्याच्या मधोमध घंटा वाजली. त्या चार पावलं आत आल्या, चार वेळा वाजली. पोपट ताडकन उठला.

"हा माझा सेट असा वाजत न्हवता," तो म्हणाला. "अण्णा, आईची शप्पत, म्या धा वेळा ठोकून बघितलाय."

"वाजत?" अण्णा म्हणाले. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. मग रेकॉर्ड थांबवली, झाकण उघडलं, खिशातून पेन्सिल काढली आणि वाकले. व्हॉल्व्हवरचा पांढरा ठिपका त्यांना दिसला असणार, कारण हात तसाच थांबला. मी जमिनीकडं बघायला लागले. त्यांनी टिचकी मारली, पण या वेळी मान तिरकी केली नाही, डोळे मिटले नाहीत. टिचकी मारून ते पोपटकडं बघत राहिले, वकीलसाहेबांकडं बघत राहिले, आणि शेवटी माझ्याकडं. घंटा कधी विरली ते अण्णांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"वकीलसाहेब, ह्यो व्हॉल्व्ह काळ्यातला हाय," अण्णा सरळ होत म्हणाले. "बघा, पांढरा ठिपका. पोपटचा त्या काळ्यात ग्येलाय. माझ्या दुकानात बदललाय, म्हंजी म्याच बदललाय."

वकिली कधी सुटत नाही. "पण का, अण्णा?" वकीलसाहेबांनी विचारलं.

अण्णांनी पेन्सिल खिशात घातली, काढली, पुन्हा घातली. माझं नाव ते आता घेणार असं मला वाटलं आणि घ्यावं असंही वाटलं. "ह्यो वाजतो हे मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "आत्ता बी न्हाई आलं. बारीक आवाज मला आताशा येत न्हाईत. तुमी भरवसा ठेवलात, म्या सांगाया पायजे व्हतं." मग पोपटकडं वळून म्हणाले, "तुझा सेट शांत हाय, भाऊ. माफी कर." आणि त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह रुमालात धरून आपापल्या जागी घातले. पोपट नुसता "अण्णा, असं काय, अण्णा," म्हणत राहिला.

"मग घेऊ कोणता?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मला नका इचारू. हिला इचारा. हिचा कान चांगला हाय."

चार मोठ्या माणसांपुढं मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. करडा, मी म्हणाले. का, ते सांगताना तंबोऱ्याचं सांगितलं, गोधडीचं सांगितलं, आणि अण्णा माझं प्रत्येक वाक्य मान खाली घालून ऐकत होते. वकीलसाहेबांनी करडा ठेवून घेतला.

परत येताना एसटीला गर्दी नव्हती. काळा सेट मुंबईला परत पाठवायला तिथंच राहिला होता, आमच्या मांड्या मोकळ्या होत्या. मी अण्णांच्या रागावण्याची वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. निम्मा रस्ता गेल्यावर अण्णा म्हणाले, "मला सांगायचं व्हतंस."

"भ्या वाटलं."

"माझं?"

"न्हाई. तुमाला कळंल याचं."

"मला कळू नये म्हणून तू त्या पोराचा सेट बिघडवलास," ते म्हणाले. "त्याचं काय चुकलं व्हतं, नंदे?" पोपटनं पुढं मंचरला मोठं दुकान काढलं, आमच्याकडं लग्नाची पत्रिका द्यायला आला, जेवून गेला, तरी मला त्याच्याकडं सरळ बघता आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईनं ताटं वाढली. अण्णांनी नेहमीसारखे सेट बंद केले नाहीत, कारण सकाळपासून कुणी लावलेच नव्हते. आईनं विचारलं, "घेतला का वकिलांनी काळा?"

"करडा घेतला. नंदीनं निवडला." अण्णांनी भाकरी मोडली, पण घास केला नाही. "ऐक. मला आताशा कमी ऐकू येतं."

आईचा हात आमटीच्या पळीवर होता. तो थांबला नाही. तिनं अण्णांच्या ताटात आमटी वाढली, माझ्या ताटात वाढली, आणि मग म्हणाली, "म्हाईत हाय. दोन वर्सं झाली, तुमच्याशी वरडूनच बोलती मी. शेजारीण इचारती, तुमच्यात रोज भांडणं व्हत्यात का म्हणून."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कुटं सांगितलंत?"

अण्णा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डाव्या हातानं डोळे झाकून घेतले. मला त्यांना असं बघायची सवय नव्हती. मी ताटात बघत बसले. आईनं पळी ठेवली, पदराला हात पुसले आणि उठून त्यांच्या शेजारी, अगदी खेटून बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती हळूच काहीतरी बोलली. अण्णांनी मान हलवली. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, माझा कान चांगला होता, घरात सगळं गप होतं, आणि ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.